रिकाम्या दिवसाचं तेल

"रेघ खोटं बोलत नाही, माय."

"मग तू का ओरडतोस?"

हेमराज गप्प राहणारा नव्हता.

"ओरडत नाही. समजावून सांगतोय. सकाळपासून हेच चाललंय माझं."

"सांग की. मी कुठं पळून चालले?"

चिंधामाय भिंतीला टेकून बसली होती. गुडघे पोटाशी, पाय लुगड्याच्या घोळात झाकलेले. वैशाखातली दुपार उतरत आली होती, तरी ओसरीच्या फरशीतून अजून वाफ येत होती.

सातपुड्याच्या पायथ्याची ती मठी. चार खोल्या, एक ओसरी, एक फाटक. मूर्ती नाही, गादी नाही. माणसं यायची, माय ऐकायची, माणसं जायची. तिथला धर्म एवढाच.

आज मात्र फाटकाला आतून अडसर होता. तो हेमराजने पहाटेच घातला होता, मायला न विचारता. भांडण त्याचंच होतं.

फाटकाबाहेरून आवाज आला.

"अहो महाराज! मी बसलेय हो अजून! निंबाखाली!"

"कोण ती?" मायने विचारलं.

"केसरबाई."

"कोणती केसरबाई?"

"सुनेवाली."

"हां…" माय म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.

"बघा!" हेमराज म्हणाला. "नुसतं नाव ऐकलंत तर तोंड उतरलं. दर पंधरवड्याला येते. सून मीठ जास्त घालते. सून ऐकत नाही. सून माहेरी फोन लावते. एवढं सांगायला एसटीने येते, आणि तुम्ही ते सगळं ऐकून घेता. तिला आल्या पावली परत पाठवलं तर काय बुडणार आहे?"

"काही नाही."

"मग?"

"तू रेघेचं सांगत होतास."

हेमराज पूर्वी जळगावात क्लास घ्यायचा. गणिताचा. पोरं रांगा लावायची. ते सगळं सोडून तो मायकडे आला आणि राहिला. हुशार होता, याबद्दल वाद नाही. ते त्याला फार माहीत होतं, दुखणं ते होतं.

फरशीवर त्याने कोळशाने दोन रेघा ओढल्या होत्या. एक आडवी, एक उभी. दोन्ही कोपऱ्यात मिळणाऱ्या. आडवीवर माणसं मांडायची. उभीवर तेलाच्या पळ्या. दर दिवसाचा एक ठिपका, आणि ठिपके जोडणारी तिसरी, तिरपी रेघ.

तेलाचं असं होतं. माणसं निघून गेली की संध्याकाळी हेमराज मायचे तळपाय काशाच्या वाटीने घासायचा. पळीभर तिळाचं तेल घ्यायचं आणि वाटीच्या बुडाने घासत राहायचं. तेल काळं पडतं. मग ते पुसायचं, दुसरी पळी घ्यायची. तळपाय हाताला गार लागले की थांबायचं. आपल्याकडे घरोघरी करतात. अंगातली आग उतरते म्हणतात. उतरते की नाही ते वैद्य जाणोत. माणसाला बरं वाटतं, एवढं मला ठाऊक.

दुसऱ्या कुणी नुसतीच सेवा केली असती. हेमराजने मोजलं.

"हे बघा. दहा माणसं आली, त्या दिवशी पाच पळ्या तेल लागलं. वीस आली, सात. तीस आली, नऊ." एकेका ठिपक्यावर तो बोट ठेवत गेला. "दर दहा माणसांमागे दोन पळ्या. ना कमी, ना जास्त. दिवाळीत बघितलं, केळीच्या हंगामात बघितलं. ठिपके ओळीत उभे राहतात. शाळेत प्रार्थनेला पोरं उभी राहतात तसे. पोरं तरी चुळबुळ करतात."

"माणसं पळीनं मोजलीस होय रे?"

"माणसं नाही. तुमचा थकवा."

"बरं. थकवा."

"एक वाढलं की दुसरं ठरल्या मापानं वाढतं. एक उतरलं की दुसरं त्याच मापानं उतरतं. इतकं साधं आहे, माय. थकवा माझ्या हातात नाही. माणसं आहेत. म्हणून माणसं उतरवायची. तिसांची वीस. विसांची दहा. आणि दहांची…"

त्याने बोट तिरप्या रेघेवरून खाली खाली आणलं आणि कोपऱ्यात टेकवलं.

"कुणी नाही. पावसाळा संपेपर्यंत कुणी म्हणजे कुणी नाही. तालुक्याचे डॉक्टर काय म्हणाले? छाती दमलीय, विश्रांती द्या. विश्रांती म्हणजे काय? हा कोपरा."

माय त्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

"जागा बरी दिसते," ती म्हणाली. "सावली आहे."

"थट्टा नको."

"थट्टा नाही रे. दमलेय मी. तू म्हणतोस ते खोटं नाही. परवा तो म्हातारा माझ्यापुढं रडत होता, आणि मी मनात म्हणत होते… आटप बाबा, लवकर रड."

हेमराजने मान दुसरीकडे वळवली. त्याला हे ऐकायचं नव्हतं. त्याचंच म्हणणं होतं हे, तरी तिच्या तोंडून नको होतं.

"मग माझ्याशी भांडता कशाला?"

"मी कुठं भांडतेय? भांडतोस तू एकटाच. मी बसलेय."

…

"महाराज! पाणी तरी द्या हो! का तेही बंद केलंय?"

पाण्याला नाही म्हणण्याइतका हेमराज अजून पोचलेला नव्हता. त्याने तांब्या भरला, फाटकाशी गेला. अडसर काढला नाही. फटीतून तांब्या जाईना, म्हणून तो तिरका केला. निम्मं पाणी त्याच्याच पायावर सांडलं.

"भेट होईल का?" फटीपलीकडून केसरबाईने विचारलं.

"नाही."

"आज नाही होणार?"

"आज नाही, उद्या नाही. घरी जा. माय आजारी आहे."

"आजारी आहे? अरे देवा. मग बसतेच मी."

हेमराज परत आला.

"जात नाही. वर आणखी बसते म्हणाली."

"सुनेचे हाल कळतात," माय म्हणाली.

तो हसला नाही. खाली बसला. कोळसा उचलला, ठेवला. मग एकदम म्हणाला,

"मला तुम्ही हव्या आहात, माय. अजून काही वर्षं तरी."

"कशाला? पाय घासायला?"

"शिकायला. तुम्ही मला अजून काही शिकवलेलंच नाही. सहा वर्षं झाली."

"कसं शिकवू? तू मोजत होतास."

हे त्याला लागलं. लागावं म्हणूनच ती बोलली की थकून बोलून गेली, देव जाणे. थकलेल्या माणसाच्या तोंडून खरं निसटतं. त्याला धार लावायची गरज पडत नाही.

माय जरा पुढे झुकली. फरशीवरच्या रेघेकडे तिने बारीक डोळे करून बघितलं.

"हे इथं काय झालंय? दहाच्या खाली?"

तिसांच्या ठिपक्यापासून दहांच्या ठिपक्यापर्यंत रेघ ताठ उतरत होती. तिथून पुढे ती मोडली होती. घसरगुंडीसारखी कोपऱ्यात गेली होती.

"तिथं वळवलीय."

"कुणी?"

"मी."

"आपणहून वळत नव्हती?"

"नाही. सरळ नेली तर ती कोपऱ्यात येतच नाही. वरच राहते. या उभ्या रेघेला इथं लागते. तीनपाशी."

"म्हणजे काय?"

"म्हणजे कुणी आलं नाही तरी तीन पळ्या. ते होऊच शकत नाही."

"का?"

"माय, थकायला काही कारण तर हवं! माणूस नाही, गाऱ्हाणं नाही, रडारड नाही. मग तीन पळ्या कशाच्या? ते तेल जाईल कुठं?"

"मघाशी म्हणालास, रेघ खोटं बोलत नाही."

"नाहीच बोलत."

"मग तिचं तोंड का दाबलंस?"

"मापात थोडी चूक असणार," हेमराज म्हणाला. "कमी माणसं असतील त्या दिवशी माझा हात सैल पडला असेल. तेल जास्त घेतलं गेलं असेल."

"तुझा हात? सैल?"

मठीत चहाची साखर हेमराज काढून द्यायचा. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ती मोजून दिलेली साखर ठाऊक होती.

माय भिंतीला पुन्हा टेकली.

"आपल्या पाण्याच्या मोटारीवर तो वसंता होता. त्याला तू काय काय बोलला होतास… आठवतं?"

"कधी?"

"टाकी भरून वाहिली तेव्हा."

"बोलणार नाही तर काय! मूर्खपणा केला त्यानं. मोटार चालू असली की टाकी तासाला हातभर चढते, हे मी त्याला घोकून दिलं होतं. बरोबर होतं ते. पण यानं टाकी रिकामी धरली! अरे बाबा, आत कालचं पाणी असतं. मोजायला सुरुवात तिथून करायची. मोटार लावायच्या आधी टाकीत काय आहे ते…"

तो थांबला.

माय पदराच्या टोकाने मानेवरचा घाम पुसत राहिली.

…

हेमराजचे कान लाल झाले होते.

"टाकीची गोष्ट वेगळी. टाकीत डोकावता येतं."

"मग डोकाव."

असं म्हणून चिंधामायने लुगड्याच्या घोळातून दोन्ही पाय बाहेर काढले आणि त्याच्यापुढे लांब केले. बरोबर त्या कोळशाच्या कोपऱ्यावर.

"वाटी आण."

"आज? आज कुणी आलेलंच नाही."

"म्हणून तर."

"पण माय, आज गरजच…"

"श्रावणात पुरानं रस्ता तुटला होता. कुणी फिरकलं नाही. तेव्हा वाटी काढली होतीस?"

"नाही."

"पोळ्याला कुणी येत नाही. पोळ्याला?"

"नाही. गरज नव्हती."

"ते कुणी ठरवलं?"

"माणसंच नव्हती ना…"

"तीस माणसांच्या दिवशी पाय बघितलेस. दहांच्या दिवशी बघितलेस. कुणी नाही त्या दिवशी वाटी फडताळात." ती चिडून बोलत नव्हती. चिडायला जोर लागतो. "न बघता तिथं शून्य घातलंस."

ही चूक शहाण्या माणसाचीच. खुळ्याच्या हातून झाली नसती. खुळा रोज घासत बसला असता, माणसं आली काय नि न आली काय.

हेमराज उठला. फडताळातून वाटी काढली, तेलाचं भांडं आणि पळी घेतली, फडकं खांद्यावर टाकलं. चालण्यात अजून तोरा होता. गणित सिद्ध करून दाखवायला फळ्याकडे निघाल्यासारखा तो चालत होता.

खाली बसला. मायचा उजवा पाय मांडीवर घेतला, आणि दचकला.

"ताप आहे तुम्हाला!"

"कपाळ बघ."

त्याने कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. पुन्हा तळपायाला लावला. चुलीवरून आत्ताच उतरवलेल्या भांड्यासारखा तळपाय.

"दिवसभर जागेवरून हलला नाहीत तुम्ही."

"नाही हलले."

"कुणाशी बोलला नाहीत."

"तुझ्याशी बोलले. तेवढ्यानं होत असेल तर तुलाच आधी बाहेर काढ."

पहिली पळी. तो आळीपाळीने दोन्ही तळपाय घासू लागला. वाटी गरगर फिरत होती. तेल आधी राखेसारखं झालं, मग काजळासारखं. त्याने फडक्याने पुसलं, हात लावला.

पाय तसाच.

"हे केसरबाईमुळं," तो घासता घासता म्हणाला. "बाहेर बसलीय म्हणून तुम्हाला घोर लागला. आजचा दिवस धरता येणार नाही."

"पुराच्या वेळी केसरबाई नव्हती."

"तेव्हा मी बघितलं नाही."

"माझेच होते ना पाय?"

…

दुसरी पळी.

बाहेर केसरबाई कुणाशी तरी बोलत होती. बहुधा निंबाशी. सुनेचंच चाललं होतं. निंब ऐकून घेत होता.

हेमराजने दुसऱ्यांदा पुसलं, तळव्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. पाय गार असावा अशी त्याची फार इच्छा होती. पण इच्छेने हात फसत नाही. त्याने डाव्या पायालाही हात लावून बघितला. तोही तसाच.

आता फक्त वाटीचा आवाज. मायने डोकं भिंतीला टेकवलं होतं. डोळे उघडे, नजर छताच्या वाशांवर. झोप येत नाही आणि जागं राहवत नाही, अशा माणसाची ती नजर.

तिसरी पळी त्याने घेतली तेव्हा दोन थेंब फरशीवर पडले. ते दोन थेंबही त्याने बोटाने टिपून पायाला लावले. त्याला हिशेब सोडवत नव्हता.

घासता घासता तिसरं तेल काळं झालं.

त्याने पुसलं. हात लावला.

गार.

दुसऱ्या पायाला लावला. तोही गार.

भांड्यात तेल होतं. पळी भांड्यातच उभी होती. हेमराजने तिला हात लावला नाही. वाटी उपडी ठेवली. मायचे पाय अलगद उचलून बाजूला केले. मग बोट थुंकीने ओलं केलं आणि फरशीवरचा तो वळवलेला भाग पुसून टाकला. कोळसा घेतला. दहांच्या ठिपक्यापासून रेघ सरळ नेली, उभ्या रेघेपर्यंत.

"तीन," तो म्हणाला. घरातलं कुणी गेल्याचा निरोप सांगावा, तसा.

"म्हणजे सगळ्यांना हाकललं…" तोच पुढे म्हणाला.

"हं."

"जन्मभर फाटक लावून बसलो…"

"हं."

"तरी हे तीन राहणार."

"राहणार."

"कधीपासून आहेत?"

"तू यायच्या आधीपासून. ही मठी व्हायच्या आधीपासून."

"पण कशाचे आहेत? कुणी दिले तुम्हाला?"

माय अंगणाकडे बघत होती. अंगणात काहीच नव्हतं. ऊन ओसरलं होतं, आणि झाडलेल्या मातीवर सकाळपासून बाहेरच्या एकाही माणसाचं पाऊल उमटलेलं नव्हतं.

हेमराज वाट बघत राहिला. मग त्याच्यातला गणिताचा मास्तर पुन्हा उठून बसला. हरलेला माणूसही पटावरचं शेवटचं घर सोडत नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला. "माझं चुकलं. शून्य नाही, तीन. मान्य. पण तरी माझंच खरं होतं, माय. तीस माणसं आली तर नऊ. कुणी नाही आलं तर तीन. नवापेक्षा तीन कमी. हे तर पहिलीतलं पोरही सांगेल. जितकं टाळता येतं तितकं टाळू. बाकी काही माझ्या हातात नाही, पण वरचे सहा आहेत ना? तेवढे तरी मला उतरवू द्या. नवाखाली तुम्ही मराल, माय. तिनात जगाल. मी हात जोडतो. तीनवर थांबू."

त्याने खरंच हात जोडले. हात तेलाने काळे झाले होते.

त्याचं म्हणणं बरोबर होतं. रेघ बरोबर होती, ठिपके बरोबर होते, वजाबाकी बरोबर होती. त्यात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती, आणि मायने ते ठेवलंही नाही.

तिने फक्त त्याचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले. थोडा वेळ धरले. मग सोडले.

"काढ तो अडसर, हेमराज… नऊ मला झेपतात रे, हे तीन एकटीला झेपत नाहीत."